अर्धी भरलेली भांडी

१

रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. ग्रंथालयात नोकरी केली की ते होतंच. त्या कथांमध्ये पहिल्या पानावर जो मेलेला असतो, त्याच्याबद्दल वाचकाला फारसं काही वाटायचं नसतं. तो मेला म्हणून कथा सुरू होते, एवढंच त्याचं काम. इथे मेलेले माझे बाबा आहेत. त्यामुळे सुरुवात कशी करावी हे मला नीट कळत नाही.

घडलं ते असं. आरे-वारेवरून जयगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला पोफळशेत नावाचं आमचं गाव आहे. आषाढातल्या एका दुपारी गावच्या लहानशा तलावाचा मातीचा बांध मधोमध फुटला. खालच्या वाडीची लावणी वाहून गेली, दोन गोठे गेले. माणूस एकच गेला. श्याम ठाकूरदेसाई, निवृत्त अभियंता. तो बांध त्यांनीच आखलेला होता. संध्याकाळी ते खालच्या मळ्यात, चिखलात सापडले. मी पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोचले, तोवर सगळे माझी वाट पाहत थांबले होते.

दोन-तीन दिवसांनी चौकशीचे साहेब आले. सुतक म्हणून चहा घेतला नाही, ओटीच्या पायरीवरच टेकले.

"दोनच शक्यता आहेत, ताई. एक तर ढगफुटी झाली. मग कोणाचाच दोष नाही. नाहीतर सांडवा लहान पडला."

सांडवा म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर सोडणारी, बांधाच्या कडेची बांधीव वाट. तीही बाबांनीच काढलेली. म्हणजे दुसरी शक्यता म्हणजे माझे बाबा.

"पण पाऊस किती पडला?" मी विचारलं.

"तेच तर कोणाला ठाऊक नाही. जवळचं पर्जन्यमापक डोंगरापलीकडे. तिथे त्या दिवशी नुसती भुरभुर. त्या आकड्यावर गेलो, तर तुमच्या वडिलांवर येतं."

माझा चुलतभाऊ उन्मेष खांबाला टेकून उभा होता. बाबा त्याच्याच घरी राहत. "साहेब, ढगफुटीच होती," तो म्हणाला. "वाडीत कोणालाही विचारा."

साहेब गेले. आतून उमावहिनी, उन्मेषची बायको, कोणाला उद्देशून नाही अशी बोलली, "मागच्या पागोळीखालची माझी बादली कोणी नेली? भांडी विसळायला पाणी नाही."  त्या दिवसांत आमच्या घरात कोणीच कशालाच उत्तर देत नव्हतं.

दुपारी एक स्कूटर आली. रेनकोट घडी करून सीटखाली ठेवत एक बाई उतरली. इशरत मुकादम. रत्नागिरीच्या कॉलेजात स्थापत्य शिकवते. बाबा कधी काळी तिथे शिकवायला जात, तेव्हाची त्यांची विद्यार्थिनी.

तिने सांत्वनाचं काही म्हटलं नाही, म्हणून मला ती आवडली.

"मी पाऊस मोजायला आले आहे," ती म्हणाली.

"आता?"

"त्या दिवशीचा."

२

"जिथे पर्जन्यमापक नसतं, तिथे भांडी असतात," इशरतने समजावलं. "उघड्यावर राहिलेली बादली, पिंप, घमेलं, होडी. प्रत्येकात त्या दिवशीचं पाणी आहे. भांड्याचं तोंड किती रुंद आणि आत पाणी किती, एवढं कळलं की पाऊस निघतो. हे सरांनीच शिकवलेलं. बांध फुटल्याचं कळलं तसा मी त्याच संध्याकाळी उन्मेषदादांना फोन केला होता, की वाडीत कोणाला भांडी ओतू देऊ नका."

"सांगितलं मी सगळ्यांना," उन्मेष म्हणाला.

नशीब एवढंच, की त्या दिवसानंतर उघडीप होती. एक सर आली असती तरी सगळं एकात एक मिसळलं असतं.

सुतकात दुसऱ्यांच्या घरी जायचं नसतं, याची वहिनीने मला आठवण करून दिली. पण मला कोणाच्या घरात जायचंच नव्हतं. भांडी अंगणातच होती.

पहिली बादली आमचीच. रंगाचा मोठा डबा रिकामा झाला की घरोघर बादली म्हणून वापरतात, तसली. अंगणाच्या अगदी मधोमध होती, आणि जवळजवळ काठाला लागलेली.

"रिकामी कधी केली होती?"

"त्याच दिवशी सकाळी. मीच केली," उन्मेष म्हणाला. "मग मी लांज्याला गेलो, काजूच्या कामाला. आलो तेव्हा..."

इशरतने पाणी मापाने ओतून काढलं. तळाला तांबडा गाळ होता आणि शेवाळाचा एक हिरवा तुकडा. तो तिने बोटावर घेऊन बघितला, फोटो काढला. मग हिशेब केला.

"तीनशे मिलिमीटरच्या वर."

"म्हणजे?"

"एका दुपारी एवढा पडला असेल, तर ढगफुटीच म्हणतात."

त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. उन्मेष समोर बसला होता. त्याने मला भात वाढला आणि म्हणाला, "काकांचं नाव राहिलं, मनू."

पण इशरत तिचं सामान आवरत नव्हती.

"एका भांड्यावर पाऊस ठरत नाही," ती म्हणाली. "तलावावर कोण असतं?"

३

तलावावर नासिर होडेकर असतो. कुवेतहून परत आल्यावर त्याने तलाव मासे वाढवायला घेतला होता. आता तलावाच्या जागी तांबडा चिखल होता आणि मधून एक ओढा वाहत होता. नासिर काठावर जाळ्याचे तुकडे गोळा करत होता.

"या," तो म्हणाला. मग मला बघून टोपी काढली. "श्यामभाऊंची मुलगी ना? तुम्हीही विचारायला आलात, की जाळं सांडव्यावर लावलं होतं का?"

"कोण विचारतंय असं?"

"वाडी विचारते. तोंडावर नाही विचारत, पाठ फिरली की विचारते. मासे पळू नयेत म्हणून मी सांडवा अडवला आणि बांध फुटला, असं बोलतात. अहो, जाळं आतल्या अंगाला, बांबूंवर होतं. सांडव्यापासून लांब. श्यामभाऊंनीच जागा दाखवली होती. पण ते सांगायला श्यामभाऊ कुठे आहेत?"

"चाचा, तुमच्याकडे एखादं भांडं आहे का, उघड्यावरचं?" इशरतने विचारलं.

"माशांच्या खाण्याचं पिंप आहे. अर्धं कापलेलं. त्या दिवशी सकाळीच धुऊन ठेवलं होतं. उन्मेषचा निरोप आला, पाणी ओतू नका. नाही ओतलं. पण त्यात आहे काय? अर्धंसुद्धा नाही."

"अर्धंच चांगलं," इशरत म्हणाली. "काठोकाठ भरलेलं भांडं निदान एवढा पाऊस पडला, इतकंच सांगतं. अर्धं भरलेलं नेमकं सांगतं."

"वा! म्हणजे माझ्या पिंपाचं नशीब माझ्यापेक्षा बरं."

पिंप उघड्या कातळावर होतं. वर झाड नाही, छप्पर नाही. पाणी नितळ होतं. इशरतने मोजलं आणि परत मोजलं.

"दीडशेच्या आसपास," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

आमच्या बादलीच्या निम्मं.

"पाऊस सुरू कधी झाला, चाचा?"

"जुहरची, दुपारची नमाज पढून बाहेर आलो आणि धरला. तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानआधी उतरला. जोर म्हणाल तर होता. समोरचं दिसत नव्हतं. पण मी कुवेतला जायच्या आधी याहून मोठे बघितलेत, याच तलावावर. तेव्हा नाही फुटला."

परतताना मी इशरतला विचारलं, "दोन ठिकाणी एवढा फरक पडू शकतो?"

"डोंगरात पडतो. पण दोन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर आहेत. मधलं एखादं भांडं मिळालं पाहिजे."

मला ते मिळायला नको होतं. हे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

४

मध्ये काशीचं घर होतं. काशी बाबांना भाऊ म्हणे. अंगणात आम्हाला बघून ती आधी माझ्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून इशरतला म्हणाली, "तू ती पाऊसवाली मॅडम काय गो? उन्मेषनं सांगितलान, पानी ओतू नका. ह्या घमेल्यात मी सुकट धुते. आता सुकट धुयाला भांडा नाय."

"आज मोकळं करते तुमचं घमेलं. पावसाच्या आधी रिकामं होतं का?"

"सकाळीच सुकट धुतली नि उपडा ठेवला. पाऊस दिसला तसा उताना केला, म्हटला पानी धरू."

"किती वेळ पडला?"

काशी विचारात पडली. "दुपारचा जेवन आटपून टीवी बघत व्हते. सासू सुनेच्या कानफटात मारनार, हात उचललान तिनं, आनि चित्र गेला. पयले चौकटी-चौकटी झाल्या, मग गेलाच."

इशरत एकदम ताठ झाली. "छपरावर छत्री आहे? डिशची?"

"हाय ना. मुंबैवाल्या माझ्या झिलानं बसवलान."

"आणि परत कधी आलं?"

"चाय ठेवली तवा. आता तिनं मारलीन का नाय, मला अजून ठाव नाय."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग लगेच ते नकोसं झालं.

"मुसळधार पावसात डिशचं चित्र जातं आणि जोर ओसरला की येतं," इशरत मला म्हणाली. "नासिरचाचांच्या दोन नमाजांच्या मधली वेळ आणि ही, सारखीच आहे. पाऊस किती वेळ पडला ते पक्कं झालं."

घमेल्याच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून तिने पाणी मापात ओतून घेतलं आणि तोंडाची रुंदी वेगळी मोजली. आकडा निघाला. नासिरच्या पिंपाएवढाच.

आम्ही निघणार, तेवढ्यात काशी म्हणाली, "भाऊंना मी सगळ्यात शेवट बगितला. पावसातच वर तलावाकडं गेले, मग परत आले, घरी गेले, आनि पुन्ना वर. तवा हातात पहार व्हती. म्हटला, भाऊ, पावसात कुठं? तर बोलले, बघून येतो." तिने माझा हात धरला. "नुस्ता बघायला पहार कशाला लागते गो?"

५

दुसऱ्या दिवशी आम्ही सांडव्यावर गेलो. बांध मधोमध फुटला होता, पण कडेचा जांभ्या दगडाचा सांडवा जसाच्या तसा उभा होता. त्याच्या बाजूच्या करवंदीच्या जाळीत पाण्याबरोबर आलेला पालापाचोळा अडकलेला होता. पाणी कुठवर चढलं होतं ते बघायला इशरतने त्याच्या वरच्या काठापासून बांधाकडे आडवी दोरी ताणली. दोरी बांधाच्या माथ्याच्याही वर गेली.

"म्हणजे पाणी बांधावरून वाहिलं," ती म्हणाली. "मातीचा बांध, वरून पाणी गेलं की टिकत नाही. पण ते एवढं चढलं का? पाऊस दीडशे आणि तासाला किती, ते आपल्याकडे आहे. सरांनी हा सांडवा याहून कितीतरी मोठ्या पावसासाठी काढला होता. याचं रेखाचित्र मी दरवर्षी वर्गात लावते."

मी खाली बसले. बाबांची चूक नव्हती, आणि ढगफुटीही नव्हती. आता तिसरंच काहीतरी होतं.

"सांडवा उघडा नव्हता," मी म्हणाले.

बसल्यावर ते दिसलं. सांडव्याच्या उंबऱ्यावर, दगडाला चिकटलेले राखाडी चट्टे होते. जवळून बघितलं तर प्रत्येकावर बारीक उभीआडवी वीण उमटलेली. प्लास्टिकच्या गोणीची.

इथे बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे गणपती गेले आणि पाऊस ओसरायला लागला, की तलावाच्या सांडव्यावर मातीने भरलेल्या गोण्या रचतात. त्यामुळे हातभर पाणी जास्त साठतं आणि उन्हाळ्यात कलमांना उपयोगी पडतं. पुढच्या पावसाळ्यात पहिलं मोठं पाणी आलं की त्या गोण्या आपोआप वाहून जातात. बाबा आठवण करत, पण त्या काढायचं काम खऱ्या अर्थाने कधी कोणाचं नव्हतंच. पाणीच ते करत आलेलं.

या गोण्या पाण्याने नेल्या नव्हत्या. त्यांत सिमेंट होतं. जूनमध्ये पाऊस कमी झाला, पाणी इथवर चढलंच नाही, आणि कोणी बघितलं नाही. त्या दुपारी बाबांनी बघितलं. म्हणून ते पहार आणायला परत गेले.

"पण मग गोण्या कुठे आहेत?" इशरतने विचारलं. "बांध मधोमध फुटला, पाणी तिकडून गेलं. इथल्या गोण्या इथेच राहायला हव्या होत्या. कोणीतरी नंतर उचलल्या."

"नासिर?" मी म्हटलं. "जास्त पाणी त्यालाही हवं असतं."

"नासिरचाचांना पाऊस मोठा ठरायला हवा असता, तर पिंपात चार तांबे ओतणं कितीसं अवघड होतं? त्यांचं पिंप त्यांच्याच विरुद्ध बोलत होतं, तरी त्यांनी हात लावला नाही."

 फोनवरचा एक फोटो काढून तिने माझ्यासमोर धरला. आमच्या बादलीतला तांबडा गाळ आणि शेवाळाचा तुकडा. नासिरच्या पिंपात गाळ नव्हता. काशीच्या घमेल्यातही नव्हता.

"आभाळातून शेवाळ पडत नाही," ती म्हणाली.

कौलांवरून पडतं. पागोळीच्या धारेबरोबर, कौलांच्या तांबड्या मातीसकट. छपराचं पाणी ज्या बादलीत पडतं, ती पाऊस सांगत नाही, छप्पर सांगते. पागोळीखालची बादली कोणी नेली, असं वहिनी विचारत होती. कोणी नेली नव्हती. कोणीतरी ती उचलून अंगणाच्या मध्ये ठेवली होती.

६

इशरत स्कूटरपाशी थांबली. "मी येऊ?"

"नको."

वहिनी मागच्या पडवीत नारळ सोलत होती. मी तिला एवढंच विचारलं, की मी पुण्याहून येत होते त्या सकाळी दादा घरी होता का.

"फुलं आणायला गेला होता," ती म्हणाली. "आला तो चिखलाने माखलेला, आणि फुलं नव्हतीच हातात. म्हटलं, भान नाही माणसाला." मग तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने परत नारळ उचलला, पण सोलला नाही.

उन्मेष खाली कलमांच्या बागेत होता. मी काय आणि कसं सुरू केलं ते आठवत नाही. बादली, गाळ, गोणीची वीण, असं काहीतरी सुटं सुटं बोलले. तो नाही म्हणाला नाही.

"माती भरलेल्या गोण्या जानेवारीतच फुटतात, मनू. एप्रिलमध्ये पाणी संपतं. नवीन कलमं करपली होती दोन वर्षं. म्हटलं, थोडं सिमेंट टाकू. पाणी आलं की जातीलच, दरवर्षी जातात. मेमध्ये काकांनी विचारलं, गोण्या काढल्यास ना? मी हो म्हटलं. जातीलच म्हणून हो म्हटलं."

"आणि त्या दिवशी?"

तो एका कलमाची साल नखाने खरवडू लागला.

"त्यांचा फोन आला मला लांज्याला. म्हणाले, अरे, गोण्या आहेत की इथे. रागावले नव्हते. मी म्हटलं, तुम्ही हात लावू नका, मी निघतो. म्हणाले, तू येईपर्यंत थांबायला पाणी ऐकणार आहे का?"

बाबांचा आवाज त्याच्या तोंडून ऐकणं मला सहन झालं नाही. मी झाडाला टेकले.

"बादली मी त्यांच्यासाठी हलवली," तो म्हणाला. "खरंच. ढगफुटी लागली असती तर काकांचं नाव राहिलं असतं."

"तुझंही राहिलं असतं. आणि नासिरचं?"



त्याचं म्हणणं खोटं कसं म्हणू? त्या एका दुपारी मलाही तोच आकडा हवा होता. अजूनही एक वाट होती. मी काही बोलले नसते, तर इशरतने माझ्याकडे बघून कदाचित जोर केला नसता. बाबा परत येणार नव्हते, आणि हा तर माझ्या रक्ताचा उरलेला एकुलता एक माणूस. मला फार दमल्यासारखं झालं होतं. आपण जाऊन झोपावं आणि साहेबांना जे लिहायचं ते लिहू द्यावं, असं मनापासून वाटलं.

"सिमेंटचं कोणाला सांगितलं होतंस?" तरी मी विचारलं.

"कोणाला म्हणजे... जानेवारीत आपल्या तलावात जास्त पाणी बघून सगळे विचारायचे."

"दादा, कोणाला?"

"वरच्या वाडीच्या धोंडूने नेलं विचारून. त्यांनी हिवाळ्यातच त्यांच्या तलावावर तशाच रचल्या." तो थांबला. "त्यांच्या अजून तशाच असतील."

वरच्या वाडीचा तलावही बाबांनीच आखलेला. त्याच्याखाली शाळा आहे. समुद्राच्या बाजूने आभाळ भरून येत होतं आणि बागेत वारा पडला होता.

"फोन लाव."

"काय सांगू? कारण विचारेल तो."

"विचारू दे."

त्याने फोन लावला.

"धोंडूभाऊ, उन्मेष बोलतोय. सांडव्यावरच्या गोण्या आत्ताच्या आत्ता काढायला घे. माणसं घे बरोबर. नाही, उद्या नाही... वाहून जाणार नाहीत, भाऊ. ऐक माझं." पलीकडचा आवाज चढला. उन्मेषने डोळे मिटले. "कारण आमच्या गेल्या नाहीत. मी काढल्या नव्हत्या. म्हणून काका गेले."

पाऊस आला तेव्हा वरच्या वाडीची माणसं सांडव्यावर होती, आणि उन्मेषही. शेवटची गोणी निघाली तसं पाणी सांडव्यातून धो धो सुटलं, असं नंतर नासिरने सांगितलं. काठावरून दोर धरून उभा होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष साहेबांकडे जाऊन जबाब देऊन आला. सोबत इशरतचा आकडा होता. वहिनी त्याच्याशी बोलली नाही, पण ताट वाढून ठेवलं. तो जेवला नाही. ओटीवर माझ्यापासून लांब, भिंतीला टेकून बसला.

बाबांना अग्नी त्याने दिला होता. मुलगा नाही, म्हणून पुतण्याने. दहावा जवळ आला होता.

"मनू," तो म्हणाला, "दहाव्याला मी बसू, की नको?"

बाबांनी काय सांगितलं असतं याचा मी विचार केला. मग तो सोडून दिला. ते मला विचारलं होतं, बाबांना नाही.

"बस," मी म्हणाले. "मीही बसणार आहे. फक्त माझ्याशी अजून बोलू नकोस."